कपाटामागचा कलावंत

“एकही फोटो नाही?” भेंडारकर मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही जी,” लहानूभाऊ म्हणाले.

“जाहिरातीवर नाव? पेपरातलं कात्रण? कुठं सत्कार झाला असेल, शाल-नारळ दिला असेल?”

“नाही जी.”

“मग तुम्ही कलावंत होतात हे समितीनं कशावरून धरायचं, बाबा?”

पंचायत समितीच्या त्या लांबट सभागृहात पंखा खडखडत होता आणि खिडक्यांच्या गजांना बाहेरची माणसं चिकटून उभी होती. नाचत-गात दंडार खेळणारे दंडारवाले, भजनी, एक म्हातारा सनईवाला, त्यांची पोरंबाळं. मी भिंतीकडच्या बाकावर बसले होते. मांडीवर माझ्या फोटोंची पिशवी होती.

याला आता पंधरा वर्षं झाली. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. ज्यांनी उभा जन्म नाटकात, भजनात, दंडारीत घालवला आणि म्हातारपणी ज्यांच्या चुलीची पंचाईत झाली, अशा कलावंतांना सरकार दरमहा मानधन देतं. त्यासाठी समितीपुढं पुरावे घेऊन उभं राहावं लागतं. आमच्या तालुक्याची निवड त्या दिवशी होती आणि यादी पाच वाजता बंद होणार होती. घड्याळात सव्वाचार झाले होते.

मी मंजुळा वालदे. झाडीपट्टीतली नटी. झाडीपट्टी म्हणजे वैनगंगेच्या काठचा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. दिवाळीला धान घरात आलं की इथं गावोगाव नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत थांबत नाहीत. मी सव्वीस वर्षं ‘वनज्योती नाट्य मंडळा’त काम केलं. तिशीतच मला आईच्या भूमिका द्यायला लागले, त्या शेवटपर्यंत सुटल्या नाहीत. पुढं कंपनी मोडली. मी शिवणयंत्र चालवून एकटीचं पोट भरत होते, पण डोळे आता सुईत दोरा ओवू देत नव्हते.

लहानू कापगते हे त्याच कंपनीचे प्रॉम्प्टर. आमच्या लोकांच्या तोंडी ‘पराम्टर’. विंगेत पडद्याआड स्टुलावर बसायचं, हातात वही धरायची आणि नट अडला की शब्द पुरवायचा, हे त्यांचं काम. एकतीस हंगाम त्यांनी ते केलं. त्या एकतीस वर्षांत काढलेल्या एकाही फोटोत ते नाहीत, कारण प्रॉम्प्टर दिसला तर तो प्रॉम्प्टर कसला? बहात्तराव्या वर्षी ते लोकांच्या शेळ्या चारत होते. बायकोला, सुगंधाबाईंना, लकवा मारलेला. दुपारी शेळ्या झाडाखाली बसवून हा माणूस घरी धावायचा, तिला भरवायचा आणि परत पळायचा. निराधाराच्या पगारासाठी एकदा अर्ज केला, तर नावावर दीड एकर जमीन निघाली. ती दीड एकर तलावाच्या पाण्याखाली आहे, हे कागदाला ठाऊक नव्हतं.

मानधनाचा अर्ज भरायला मीच लावलं होतं. ‘कला’ या रकान्यात त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं : नाही. मी ते खोडून ‘नाट्य’ असं केलं.

“पण मॅडम,” ते आता हळूच म्हणाले, “समितीत दिगंबर आहे ना. त्याले विचारा.”

माझ्या जिवात जीव आला. समितीत तिघं होते. मध्ये अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक लांजेवार. एका बाजूला भेंडारकर मॅडम, विस्तार अधिकारी. आणि दुसऱ्या बाजूला कलावंतांचे प्रतिनिधी म्हणून खुद्द दिगंबर उरकुडे. आमचे नायक. वीस वर्षं ज्यांचं नाव जाहिरातीवर सगळ्यांत मोठ्या अक्षरात छापलं जायचं, ज्यांच्या एका संवादाला पाच-पाच हजार माणूस उठून उभा राहायचा, ते दिगंबरराव. सत्तरीतही केस काळे, गळ्यात उपरणं.

लांजेवार सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. “ओळखता तुम्ही यांना?”

दिगंबररावांनी समोरचा कागद उगाच सरळ केला. “हो. म्हणजे, कंपनीत होते.”

“काय करायचे?”

“सामानसुमान पाहत. पेट्या, पडदे वगैरे. कधीमधी पुस्तक धरून बसत.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. लहानूभाऊंनी एकदाच वर पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मग त्यांनी पायांपाशी ठेवलेली पिशवी उचलली.

“बरं आहे,” ते म्हणाले. “येतो जी.”

आता मी एक गोष्ट सांगते, ती सांगायला आजही जीभ जड होते. अर्ध्या तासापूर्वी माझा अर्ज एकमतानं पसंत झाला होता. मी बाकावर येऊन बसल्यावर समितीचा कारकून उके बाबू कानाशी लागला होता, “बाई, यंदा तालुक्यातून पाचच नावं वर जाणार. तुमचं पाचवं. झालं तुमचं काम, जा घरी निवांत.” म्हणजे लहानूभाऊंचं नाव लागलं, तर कुणाचं तरी सुटणार होतं. आणि शेवटी लागलेलं नाव माझं होतं. मी गप्प बसले असते, तर मला कुणी काही म्हणालं नसतं. लहानूभाऊंनी तर नक्कीच नाही.

ते दारापर्यंत पोचले. मी उठले, तेव्हा माझी पिशवी सांडली आणि फोटो फरशीवर पसरले.

“थांबा, लहानूभाऊ,” मी म्हणाले. “सर, हा माणूस सामान पाहत नव्हता. यानं आमची नाटकं चालवली. या सगळ्या फोटोंत मी तोंड उघडून उभी आहे ना, तो शब्द यानं दिलेला आहे.”

लांजेवार सर वाईट माणूस नव्हते. ते शांतपणे म्हणाले, “बाई, तुमची भावना समजते. पण हातात पुस्तक असलं की कुणीही वाचून दाखवील. त्याला कला कसं म्हणायचं?”

“पुस्तक नाही त्यांच्याजवळ. कंपनी मोडल्यापासून कुणाजवळच नाही. तुम्ही परीक्षा घ्या. ‘वाटणीत हरवली माय’मधला गोठ्याचा प्रवेश. आईचं काम माझं होतं. थोरल्या मुलाचं यांचं,” मी दिगंबररावांकडे बोट केलं. “प्रॉम्प्टर हे. इथंच उभे करा आम्हाला.”

खिडक्यांत एकदम गलबला झाला. सनईवाला म्हातारा गजातून म्हणाला, “होऊ द्या साहेब, होऊ द्या.” दंडारवाल्यांनी दारातून आत सरकायला सुरुवात केली.

“माझी तब्येत…” दिगंबरराव म्हणाले.

“दहा मिनिटं, दिगंबरराव,” भेंडारकर मॅडम म्हणाल्या. त्यांचेही डोळे चमकले होते. “मी लहान असताना वडिलांच्या खांद्यावर बसून तुम्हाला पाहिलंय.”

पाच हजारांचा नायक लोकांपुढं नाही कसं म्हणणार? ते उठले. उपरणं खुर्चीवर ठेवलं.

आम्ही बाक मध्ये ओढला. मी त्यावर पाय दुमडून बसले, पदर डोक्यावरून घेतला. आणि लहानूभाऊंनी काय केलं असेल, तर ते कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटामागं गेले आणि दिसेनासे झाले.

“अहो, तिकडं कुठं?” लांजेवार सर उभे राहिले. “परीक्षा तुमची आहे. आम्ही बघायचं काय मग?”

कपाटामागून आवाज आला, “दिगंबरले पाहा जी.”

लोक हसले. मग हसणं थांबलं, कारण दिगंबरराव दारापर्यंत जाऊन वळले होते आणि ते वळताच त्यांचे खांदे बदलले होते. पन्नास कोस चालून आलेला मुलगा दारात उभा होता.

“माय! तू इथं? गोठ्यात?”

“गोठा नको म्हणू, बाळा,” मी म्हणाले. “इथली गाय मला हाकलत नाही.”

कुणीतरी ‘अरारा’ केलं. पंधरा वर्षं तो संवाद माझ्या पोटात निजला होता आणि हाक मारताच उठून बसला. दोन, तीन, चार वाक्यं आम्ही फेकली आणि झेलली. मग आला तो दिगंबररावांचा लांब संवाद. पानभर लांब. याच्यासाठी लोक बैलगाड्या जुंपून यायचे.

“शेताची वाटणी झाली. बैलांची झाली. विहिरीच्या पाण्याचीसुद्धा पाळी ठरली. ताटं मोजली, तांबे मोजले…”

आणि पुढं काही नाही. मी पदराआडून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला ती जागा दिसली, नटाला ठाऊक असलेली, पायाखालची फळी निघाल्यासारखी. पण ती पुरती निघायच्या आत कपाटाकडून काहीतरी आलं. तो शब्द नव्हता, शब्दाचं टोक होतं. मी दोन हातांवर होते म्हणून मला ऐकू आलं. समितीला काहीही कळलं नाही.

“…आणि माय कुणाच्याच वाट्याला आली नाही,” दिगंबररावांनी उचललं, आणि आवाज असा चढवला की पंखाही गप्प झाल्यासारखा वाटला.

लांजेवार सरांना काही राहवेना. ते चवड्यांवर चालत भिंतीकडनं कपाटापाशी गेले आणि डोकावून तिथंच उभे राहिले. बाकावरून मलाही फटीतून दिसत होतं. लहानूभाऊ उकिडवे बसले होते. डोळे दिगंबररावांच्या मानेवर रोखलेले. ओठ संवादाच्या अर्धा श्वास पुढं हलत होते, आणि उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर, नसलेल्या वहीचं पान उलटत होतं. पुन्हा एकदा फळी हलली, पुन्हा टोक आलं. एकदा तर माझंच वाक्य माझ्या तोंडातून निसटलं आणि तेही त्यांनी परत आणून ठेवलं. आम्ही दोघं पळत होतो आणि तो माणूस आमच्या पायाखाली रस्ता अंथरत होता. मी सत्तर-ऐंशी गावांत हा प्रवेश केला असेल, इतका वेगानं, इतका पेटलेला कधी झाला नव्हता.

“माय,” दिगंबरराव गुडघ्यांवर आले, “ज्यांनी आम्हाला बोट धरून चालवलं…”

ते थांबले.

एक क्षण गेला, दुसरा गेला. कपाटामागून काही येईना. गेलं सगळं, म्हातारा विसरला.

लांजेवार सर कुजबुजले, “अहो, सांगा ना. अडलेत ते.”

“नाही जी,” लहानूभाऊ तितक्याच हळू म्हणाले. “अडला नाही तो. त्याले भरून आलं. थांबा जरा.”

सरांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही. पस्तीस वर्षं पोरांना नाटक शिकवलेला माणूस, पण ही गोष्ट त्यांना त्या दिवशी उकिडव्या बसलेल्या शेळ्यावाल्यानं सांगितली.

मग दिगंबरराव बोलले. फार सावकाश.

“ज्यांनी आम्हाला बोट धरून चालवलं, त्यांना वाटणीच्या दिवशी आम्ही ओळख दाखवली नाही.”

वाक्य नाटकातलंच होतं. पण ते माझ्याकडे बघून म्हणायचं असतं. दिगंबररावांनी मान वळवली होती कपाटाकडे.

“लहानू,” ते म्हणाले. “बाहेर ये.”

कपाटामागून ताबडतोब पुढची ओळ आली, या वेळी चांगली मोठ्यानं, “‘माय, ऊठ, चल माझ्या घरी’…”

“पुस्तकातलं नको, लहानू.”

“‘माय, ऊठ, चल माझ्या घरी’,” लहानूभाऊंनी पुन्हा दिली. त्यांचा आवाज कासावीस झाला होता. तेव्हा कुठं मला कळायला लागलं, की ते शब्द पुरवत नाहीत, ते कुणाला तरी अडवताहेत.

दिगंबरराव उठले, समितीकडे तोंड करून उभे राहिले.

“सर, मले वाचता येत नाही,” ते म्हणाले. “अक्षर ओळखत नाही मी. सही तेवढी गिरवून ठेवली आहे. समितीचे कागद येतात ते मी घरी पोरीकडून वाचून घेतो आणि इथं नुसतं पाहल्यावाणी करतो. वीस वर्षांत जेवढी नाटकं केली, त्यातली ओळन् ओळ यानं माझ्या कानात ओतली. रोज दुपारी गावाबाहेर नेऊन. लोक समजत आम्ही बिड्या फुकायला जातो. पहिल्यांदा माझं नाव जाहिरातीवर छापून आलं ना, तर यानं त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे तू. मले वाचता येत नाही हे यानं कधी कोण्हाले सांगितलं नाही. आजही सांगितलं नाही. मघा तो पिशवी उचलून चालला होता, तरी नाही.” त्यांना धाप लागली होती. “मी म्हटलं सामान पाहत होता. मले भेव वाटलं, यानं काय काम केलं ते सांगतो म्हटलं तर माझं उघडं पडते. हे लिहून घ्या. मी खोटं बोललो.”

मग खिडकीत त्या सनईवाल्यानं टाळी वाजवली. दुसऱ्यानं वाजवली. बघता बघता गजांवर, दारावर, बाकांवर हात आपटू लागले, बाहेर रस्त्यावरची माणसं काय झालं म्हणून धावत आली. लहानूभाऊ बाहेर आलेच नाहीत. पडदा पडून टाळ्या विरल्याशिवाय विंगेतून हलायचं नाही, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नेम. शेवटी लांजेवार सरांनीच त्यांना दंडाला धरून उठवलं. उठता उठता त्यांचे गुडघे वाजले.

“मॅडम,” सर म्हणाले, “फोटोचा रकाना रिकामा सोडा. पुराव्यात लिहा, समितीनं प्रत्यक्ष पाहिलं.” मग जरा थांबून म्हणाले, “पाहिलं नाही, ऐकलं असं लिहा. मीही नीट ऐकलं नाही खरं तर. पण लिहा.”

पाचला दहा कमी होते.

उके बाबू माझ्याकडे बघत होता. मी फरशीवरचे फोटो गोळा करायला वाकले.

एसटी स्टँडवर आम्ही दोघं गाडीची वाट बघत उभे होतो. सुगंधाबाईंना भरवायची वेळ टळली म्हणून लहानूभाऊ सारखे रस्त्याकडे बघत होते. मागून दिगंबरराव आले. पायीच, उपरणं सभागृहातच विसरून. समोर येऊन नुसते उभे राहिले. मला वाटलं आता हे पाया पडतील, रडतील. लहानूभाऊंनी त्यांना ती सवडच दिली नाही.

“शेवटच्या दोन ओळी खाल्ल्या तू आज,” ते म्हणाले.

“हो रे.”

“बाईचं वाक्य राहून गेलं त्याच्यानं. पूर्ण प्रवेश तुटला.”

“चुकलं माझं.”

“गुरुवारी बाजाराले येतोस का?”

“येतो.”

“मग घरी येजो. पाटी-पेन्सिल आणजो येताना. आता लपवाचं काही राहिलं नाही, तर शिकून टाक.”

गाडी आली तेव्हा दिगंबरराव हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

यादी तीन महिन्यांनी लागली. त्यात लहानू कापगते हे नाव होतं. माझं नव्हतं, ते पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलं होतं. वाईट वाटलं का म्हणाल, तर वाटलं. दोन रात्री झोप आली नाही, आणि आपण उगाच मोठेपणा केला असंही मनात येऊन गेलं. मग एक दिवस त्यांच्या गावावरून जाताना डोकावले, तर लहानूभाऊ दुपारच्या वेळी घरात होते. शेळ्या त्यांनी सोडल्या होत्या. सुगंधाबाईंना उशीला टेकवून बसवलं होतं आणि ते तिला सावकाश, एकेक घास, काहीही घाई नसल्यासारखा भरवत होते. मी दारातूनच परत फिरले. त्या रात्री मला झोप लागली.

पुढचं वर्ष म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. दरम्यान शेजारणीच्या सुनेनं माझ्या सुईत दोरा ओवून दिला आणि माझे दिवस ढकलले गेले. समितीवरचं नाव दिगंबररावांनी काढून घेतो म्हटलं होतं, पण लांजेवार सरांनी काढू दिलं नाही.

एका दुपारी दिगंबरराव माझ्या दारात आले. हातात पाकीट होतं. “तुमचं पत्र,” ते म्हणाले. “पोस्टानं चार दिवस लागले असते. उके बाबूकडून मागून आणलं.”

मी हात पुढं केला. त्यांनी पत्र दिलं नाही. ओट्यावर मांडी घालून बसले, चष्मा लावला, कागद उघडला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. मी त्यांच्या खांद्याशी उभी होते. सगळी चिठ्ठी मला एका नजरेत वाचता येत होती. शेवटचा ‘मंजूर’ हा शब्दही दिसला होता.

“श्री… श्रीमती,” ते म्हणाले. “मं-जु-ळा… वा-ल-दे. यांस…”

बोट पुढं सरकत होतं, थांबत होतं, मागं येऊन पुन्हा निघत होतं. उन्हं ओट्यावरून अंगणात उतरली. मी एकदाही मध्ये बोलले नाही.